धुतलेला डबा

सिस्टर : तुम्ही आई ना त्याची? मग लाजू नका. मुलानं काही घेतलं का?

सुंदरबाई : काय लेई तो? चहासुदिक नही पेस मना मगन.

सिस्टर : चहाचं नाही विचारत. औषध. कपाशीवर मारतात ते. कॉलेजच्या परीक्षा लागल्या की दर वर्षी दोन-तीन पोरं येतात आमच्याकडे. डॉक्टर म्हणतायत, नळी घालून पोट धुवावं लागेल.

सुंदरबाई : नळी? जित्ता पोऱ्याना पोटमा? असलम, तू बोल ना रे! तुनीच खोलीमा ऱ्हास ना तो?

असलम : सिस्टर, त्यानं काही घेतलेलं नाही. सकाळी सहाला नळावर तोंड धुवायला गेला नि तिथंच पडला. मीच रिक्षात घालून आणलं नि फाट्यावर यांना निरोप धाडला; डबा घेऊन उभ्या होत्या, तशाच आल्या. मी चोवीस तास त्याच्या खोलीत असतो. अल्लाची शपथ, काही घेतलं नाही.

सिस्टर : शपथा इथं रोज ऐकते मी. मग हाताची हाडं कशी वर आली? जेवत नव्हता का?

सुंदरबाई : जेवस ना! बारा महिना डबा धाडस मी. अमळनेरहून धुळाले मोटार येस, आमना फाट्यावर थांबस. कंडक्टर जीवराम आपला मानूस शे, तो डबा लेस. संध्याकाळनी मोटारले रिकामा परत. घासीपुसी चकचकीत. भाजीना डाग नही. मी तीन भाकरी धाडू, रिकामा येस म्हनीसन चार कऱ्यात. मंग पाच. त्याना बाप बठ्ठा गावले सांगस, पोऱ्याले धुळं मानवनं.

सिस्टर : पाच भाकरी खाणारं पोरगं असं पडत नाही बाई. म्हणजे घेतलंच असणार काहीतरी. मी नळीचं सामान काढते.

असलम : थांबा.

सिस्टर : थांबायला वेळ नाही.

असलम : नळी घालू नका. पोटात काही नाहीच त्याच्या. पाच भाकरी मी खायचो.

सुंदरबाई : काय?

असलम : तो डबा मी खायचो, मावशी. मगन नाही.

सिस्टर : कधीपासून? नीट सांग. आत डॉक्टरांना सांगायचंय मला.

असलम : दिवाळीची सुट्टी संपवून आलो तेव्हापासून. तेवीस दिवस झाले. तो चहा घ्यायचा, कधी दोन बिस्किटं. मी फार मागं लागलो तर एखादा घास. गेले चार दिवस नुसतं पाणी.

सिस्टर : आणि हे आत्ता सांगतोस? इंजिनियर होणार म्हणे!

(सिस्टर आत जाते. बाकावर दोघं. मध्ये सुंदरबाईनं आणलेला, फडक्यात बांधलेला आजचा डबा.)

सुंदरबाई : कसाले रे? कसाले नही खाये तो?

असलम : त्याला परीक्षेला बसू देत नाहीत मावशी. ड्रॉइंगच्या मोठ्या शीट असतात ना, त्या सगळी पोरं काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याच्या शीटवरून छापतात. मीपण छापल्या. हा गाढव एकटा स्वतःच्या हातानं काढत बसला. रेघ वाकडी गेली की खोडायचा, पुन्हा काढायचा. आठ दिवस उशीर झाला. सरांनी शीट टेबलावरून खाली ढकलल्या, म्हणाले, तुला टर्म देत नाही. टर्म नाही तर परीक्षा नाही. छापणाऱ्या चाळीस जणांना सही, काढणाऱ्याला हाकललं. असं हे कॉलेज!

सुंदरबाई : त्यानी माले सांगं नही.

असलम : कुणाला नाही सांगितलं. खाटेवर पडला भिंतीकडे तोंड करून, तो पडलाच. रेक्टर एकदा दारात आले. विचारलं काय, तर परीक्षेला बसत नसशील तर खोली कधी सोडतोस?

सुंदरबाई : आनि तू? तू तं दोस्त ना त्याना?

असलम : मी म्हटलं, डबा तसाच परत पाठवतो, घरी कळू दे. तर त्यानं माझे पाय धरले. म्हणाला, भरलेला डबा बघितला तर माय तशीच अनवाणी मोटारीत बसेल. पेपर होईपर्यंत खा, मग मी स्वतः घरी जाऊन सांगतो.

सुंदरबाई : नि तू खाधं.

असलम : पहिल्या दिवशी त्याच्यासाठी खाल्लं, मावशी. घास फिरत होता तोंडात. दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी खाल्लं. खोटं कशाला बोलू? आमच्या मेसची आमटी कुत्रं खात नाही. तुमची कळण्याची भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत. साडेदहा वाजले की मी मोटारीची वाट बघायचो. तो भिंतीकडे तोंड करून पडलेला, नि मी त्याच्या पाठीमागे बोटं चाटायचो. मग डबा राखेनं घासायचो. लख्ख.

सुंदरबाई : तठेच चुकना तू.

असलम : कुठं?

सुंदरबाई : इतला साफ नही करना व्हता. मगन धाकला व्हता तवयपाईन भाकरना शेवटला कुटका मनासाठे ठेवस. शाळाना डबा राहो का वावरना. मी म्हनू, खाई ले ना रे. तो म्हने, तू कुटका खाशी तवय मनं पोट भरी. धुळाले उना तरी कुटका येवाच. डबानी संगे, वाळेल, कडक. संध्याकाळले मी तोच पहिले खाऊ.

असलम : त्या तुकड्याचं मला माहीत नव्हतं. मी त्याच्याबरोबर कधी जेवायला बसलोच नव्हतो आधी. तो डबा घेऊन गच्चीवर जायचा.

सुंदरबाई : दिवाळीनंतर कुटका बंद व्हयना. माले पहिलाच दिन समजनं, काहीतरी बदलनं.

असलम : समजलं होतं? मग आला का नाहीत, मावशी?

सुंदरबाई : रागमा.

असलम : कसला राग?

सुंदरबाई : माले वाटनं, पोऱ्या साहेब व्हई गया. पोरंसमोर मायसाठे कुटका ठेवाले लाजस. म्हनं, ठीक शे, लाज. मी बी इचारसू नही. मोटार रोज मना समोर उभी ऱ्हाये. डबा चढाडू जीवरामना हातमा. तो इचारे, अक्का, येस का पोऱ्याले भेटाले? मी म्हनू, त्यालेच गरज नही. तेवीस दिन डबा चढना. मी नही चढनू.

असलम : चूक माझी आहे, मावशी. मारा मला.

सुंदरबाई : तुले मारीसन काय व्हई? तू परका. भूक लागनी, खाधं. मी माय ना त्यानी.

सिस्टर : अहो बाई! नळी नाही घालत. बरं झालं पोरगा बोलला, आम्ही उगाच भलतं करत बसलो असतो. डोळे उघडलेत त्यानं. पण घरचं काही भरवायचं नाही हं. इतक्या दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम जेवण सोसत नाही. आम्ही सांगू तेवढंच, चमच्या-चमच्यानं.

सुंदरबाई : काय बोलना का तो?

सिस्टर : मी म्हटलं आई आलीय. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुंदरबाई : फिराऊ दे. मी भितनी बाजूले बठसू.

सिस्टर : तिकडे जागा नाही हो, खाट भिंतीला लागून आहे.

सुंदरबाई : मंग खाट सरकाव ना माय. येवढं कर.

सिस्टर : बघते. या पाच मिनिटांनी.

सुंदरबाई : असलम, तुना पेपर शे ना आज?

असलम : अकराला. जात नाही.

सुंदरबाई : जाय. त्याना गया, आते तुना बी घालाडस का? हाऊ डबा ले. पाच भाकरी शेतस. खाईसन जाय.

असलम : नाही उतरणार, मावशी.

सुंदरबाई : तेवीस दिन उतरनं ना?

असलम : म्हणूनच.

सुंदरबाई : मंग नको खाऊ. फडकं बांध नि संध्याकाळनी मोटारमा तसाच देई दे. त्याना बाप फाट्यावर उभा ऱ्हाई.

असलम : भरलेला? ते घाबरतील. सोबत चिठ्ठी लिहून देतो, काय झालं ते.

सुंदरबाई : चिठ्ठी कसाले? त्याले वाचता येत नही. झाकन उघाडी नि समजी.