गंगेच्या वाळूत लेकीची ओळ

मपला जन्म वाळूतला, मॅडम. घरात न्हाई, दवाखान्यात न्हाई, नांदेडच्या वरल्या अंगाला गंगेच्या वाळूत, टरबुजाच्या वाडीवर, खोपीत. तुमी तिला गोदावरी म्हन्ता, आमी गंगाच म्हन्तो. आमी भोई. पावसाळ्यात बाप मासे धरायचा, लोकायला नावंतून पल्याड सोडायचा, अन् दिवाळी सरून पानी उतरलं की समदी भोईआळी बोचकी बांधून वाळूत राह्यला जायची, ती पार रोहिण्यायचा पाऊस तोंडावर येईस्तोर. माय म्हनायची, सरू, सकाळी मी चर उकरून राहिले होते अन् दुपारी तू झालीस, कामाची खोटी केलीस. आता आधारकार्डावर भलतंच गाव लिहून ठेवलंय, असू द्या.

तर चर उकरायचा, मॅडम, ओल लागंपर्यंत. मंग त्यात लेंडीखत, मंग बी, अन् वारा येतो त्या अंगाला तुराट्यायचा कूड, न्हाई तर वाळू उडून रोपं दबतात. आमी पोरी घागरीनं पानी घालायचो, पाय असे भाजायचे की नाचतच चालायचो. पन दुपारी गंगंत डुंबायचं, टरबुजाच्या सालीच्या नावा करून सोडायच्या, काय सांगू तुमाला, तसं सुख राजाला न्हाई. सांजच्याला शहरातले लोक टांगे करून यायचे, लेकरंबाळं घेऊन वाळूत बसायचे, टरबूज खायचे अन् बिया थुकायचे, ते गेले की बाप आमाला त्या बिया येचायला लावायचा. अन् वाळूला काय सातबारा न्हाई. गंगा दरसाल जागा बदलायची, मंग आळीतला म्हातारा यायचा अन् टाच ओढत ओढत जायचा, ही तुही, ही तुही, झाली वाटनी. भांडनं व्हायचीच, न्हाई कशाला म्हनू, पन भाकर खायच्या वक्ताला मिटायची.

आता मेन ते सांगते. आमच्यात लेकीचं लगीन झालं की बाप वाडीत तिच्या नावाची एक ओळ धरायचा. त्या ओळीचं फळ बाजारात न्यायचं न्हाई, घरच्यायनंबी तोडायचं न्हाई. आखितीला, म्हंजी तुमच्या अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली की तिनं मपल्या हातानं तोडायचं, पोटभर खायचं, राह्यलेलं पोत्यात भरून सासरी न्यायचं. मला दिली रेणापूरला, तिथं काळी माती, वाळू डोळ्याला दिसत न्हाई. सासू लई खट, पन चैत लागला की गोड बोलायची, तुहा भाऊ कधी येनार गं न्यायला. तिला काय मपल्या भावाचं पडलं होतं, तिला टरबुजाचं पडलं होतं.

बाप गेला, पन मपला भाऊ गोविंदा, मपल्याहून दोन वर्सांनी धाकला, त्यानं मपली ओळ मोडली न्हाई. दरसाल न्यायला यायचा. अन् मंग खाली धरन झालं, पानी अडलं. मी वाईट म्हनत न्हाई, लोकायच्या केळी झाल्या, शहराला नळ आले. पन वाळू बुडाली ती बुडालीच, उन्हाळ्यातबी गंगा काठोकाठ. त्या आखितीला मी पिशवी भरून उंबऱ्यात बसले, दिवस मावळला, गोविंदा आला न्हाई. दुसऱ्या साली न्हाई, तिसऱ्या साली न्हाई. सासू म्हने, टरबूज संपले अन् भाऊबी संपला. मला असा राग, वाडी गेली म्हनून काय बहीन गेली का? अन् मीबी तापट, बोलावल्याबिगर पाय टाकायचा न्हाई म्हनून बसले.

पोरीच्या लग्नात मामा पाह्यजे, तवा निरोप धाडला. आला, पोरीच्या मागं उभा राह्यला, लुगडं दिलं अन् न जेवता निघाला. मी मांडवात चार बायायच्या देखत म्हनाले, माज आलाय त्याला. त्यानं ऐकलं. मान खाली घातली अन् गेला. ते शब्द आठवले की आजबी मला मपलीच लाज वाटते.

वाळू बुडाल्यापासून अकरा वर्सं अशी गेली, मॅडम. मागल्याच्या मागल्या साली डोळ्याच्या आपरेशनला नांदेडला गेले. सुटी झाली, पोरगा म्हने माय, सिधं बसस्टँड. मी रिक्षावाल्याला म्हनाले, गंगंकडं घे. पोरगा वरडून राह्यला, डॉक्टरनं धूळ लागू द्यायची न्हाई म्हनलंय, पन ऐकतं कोन. काठावर उभी राह्यले, तर निस्तं पानीच पानी. खोपी कुठं होती तेबी सांगता येईना. मंग आळीत शिरले. गोविंदा दारात जाळं शिवत बसलेला, डोकं पांढरंफेक. काळ्या चष्म्यात त्यानं वळखलं न्हाई, म्हने, कोन पाह्यजे बाई? मी चष्मा काढला.

मला बस म्हनला न्हाई, डोळ्याला काय झालं इचारलं न्हाई. अकरा वर्सं तोंडात धरून बसल्यावानी एकच बोलला. अक्का, तुही ओळच राह्यली न्हाई. मी कोन्या तोंडानं तुला न्यायला येऊ?

मी म्हनाले, अरं येड्या, मी काय टरबूज खायाला येत होते का रं?

अन् त्याच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या अन् रडले, पोरगा म्हनून राह्यला, माय रडू नको, डोळ्यातली दवाई वाहून चालली. वाहू दे म्हनलं. मंग कळलं, मांडवातबी तो त्याच लाजंनं जेवला न्हाई, एका लुगड्याबिगर बहिनीला द्यायला काय न्हाई अन् तिच्या घरचं कसं खावं. अन् मी त्याला माज म्हनाले.

आता दर आखितीला जाते, बोलावनं असो नसो. त्याचे गुडघे गेलेत, त्याला एस्टीत चढवत न्हाई. दोघं दारात बसतो, कोनाची खोपी कुठं होती ते बोलत राहतो, त्याची नातवंडं हसतात, म्हन्तात, म्हातारे पान्यात घरं बांधून राह्यले. हसू द्या, त्यायचं भलं होवो. अकरा वर्सं गेली ती गेली, ती कोन भरून देनार. पन मॅडम, वाळू गेली, खोपी गेली, मायबाप गेले, आता मपलं माहेर म्हंजी तेवढा एक गोविंदाच हाय. म्हनून रोज देवाला सांगते, तो धाकला हाय, नंबर मपला हाय, त्याला आधी नेऊ नको.