तांदळाचं पोतं

सटाण्याच्या गाडीला लय उशीर होता, म्हणून भिकन नाशिकच्या स्टँडवर बाकावर टेकला. शेजारी चांगुणाबाई आणि तिची लेक संजना, पायाशी तांदळाचं पोतं. संजनानं डबा उघडला.

“नुसती काकडी? भाकर कुठंय?”

“आई, कंबर बारीक करायचीय मला.”

“आत्ताच डॉक्टरीण काय बोलली? उपाशी राहून हाडं ठिसूळ होतील. नीट खा, वजनं उचल.”

“वजनं उचलली तर दंड फुगतील. परत पोरासारखी दिसेन. दोन वर्षं हार्मोनच्या गोळ्या खाल्ल्या, तवा कुठं लोक ताई म्हणायला लागले.”

“दंड फुगले म्हंजी पोरगा?”

“मंग काय!”

चांगुणाबाईनं पोलक्याची बाही वर सरकवली.

“दाब इथं.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू दे. तीस वर्षं कांद्याच्या पाट्या उचलल्यात मी. मी काय बाप्या हाय का गं?”

संजनानं दंड दाबला. मग गुमान आईच्या पिशवीतली भाकर काढली.

गाडी लागली तसा भिकन उठला.

“आणा ताई, पोतं मी चढवतो.”

“राहू द्या भाऊ,” संजना भरल्या तोंडानं म्हणाली, “ते मीच उचलणार.”