ग्रेगने टाकलेला हिरवा स्वेटर

अरे, आमच्या चँडलर शहरातल्या ऑफिसातल्या डेमोचं सांगायचं राहिलंच की! आमची कपडे विकणारी कंपनी. प्रत्येक कपड्याचा रंग, माप, फोटो ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरतात, ते इतकं किचकट होतं की नवीन माणसं रडकुंडीला यायची. मी आणि आमच्या टीममधली नागपूरची स्मिता, आम्ही वर्षभर खपून ते नव्याने डिझाइन केलं. डेमोला आमचा बिग बॉस ग्रेग आला आणि बसता बसताच म्हणाला, "जुनं चालतंय ना? मग हा प्रोजेक्ट बंद करू या."

माझा चेहराच पडला. स्मिताने मात्र शांतपणे लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. "ग्रेग, हा हिरवा स्वेटर वेबसाइटवर तूच टाक."

"मी? मी जन्मात हे केलं नाहीये!"

"म्हणूनच."

त्याने कुरकुरत फोटो टाकला, रंग निवडला. माप भरायला विसरला, तर स्क्रीननेच आठवण करून दिली. शेवटी बटण दाबलं आणि स्वेटर वेबसाइटवर झळकला. गड्याने लगेच बायकोला फोन लावला, "वेबसाइट उघड, तो हिरवा स्वेटर मी टाकलाय!"

मग आमच्याकडे वळून म्हणाला, "ठीक आहे, हेच वापरायचं. पण लोकांना शिकवायला किती दिवस लागतील?"

यार, काय अभिमान वाटला मला स्मिताचा! ती म्हणाली, "तुला किती लागले?"