कुत्री कोण हाकलत हुतं?

न्हाई, तुमीच सांगा, कुत्री कोण हाकलत हुतं? एवढं एक सांगा, मग मी गप बसतो. आवं, माझा फोटो लाव म्हणत न्हाई, हार घाल म्हणत न्हाई, पर भर सभंत, इस्लामपुरात, एसी हॉलमदी, सख्ख्या मामाला… जाऊ द्या. न्हाई, जाऊ द्या कसं? ऐकाच आता.

स्वप्नाली माझी भाची, थोरल्या बहिणीची पोरगी. ऑलिंपिकला जाऊन आली. चालायच्या शर्यतीत. व्हय, चालायची बी शर्यत असती, मला तरी कुठं म्हाईत हुतं? पळायचं न्हाई, एक पाय कायम भुईला टेकल्याला, गुडघा ताठ, कंबर अशी… मी करून दावत न्हाई, गुडघं गेल्यात माझं. तुमाला सांगतो, आमचा आजा मेंढरामागं चालला, बा चालला, मी चाललो, कुणी साधा बिल्ला दिला न्हाई, आन ही पोरगी चालून चालून इमानात बसली. लय अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

पर ती चाल बघून माणसं हसायची आन कुत्री चवताळायची. कुत्र्यानं कसं, पळणारा बघितल्याला असतोय, चालणारा बघितल्याला असतोय, ह्यो मधलाच परकार त्यानं कवा बघावा? विट्याच्या रस्त्यानं पहाटं ही पुढं, वीटभट्टीवरची आन धाब्यावरची कुत्री हिच्या मागं, आन कुत्र्यांच्या मागं कोण? म्या. बाळासो. एका हातात फटफटीचं हँडल, एका हातात मेंढरांची काठी, आन तोंडानं ह्यऽऽड, ह्यऽऽड. लग्नात मामा पोरीच्या मागं उभा ऱ्हातोय न्हवं? मी रस्त्यात उभा ऱ्हायलो, ते बी वरसान् वरसं. एकदा एक कुत्रं माझ्या पोटरीला चावलं, तर ही मागं न बघता म्हणती, "मामा, मागं पडू नगासा." न्हाई पडलो. दुपारी जाऊन इंजेक्शन घेतलं.

बरं, ऑलिंपिक झालं. पदक न्हाई मिळालं, पर गेली हेच लय. मग पाय थांबलं आन भाषण सुरू झालं. मोटिवेशनल स्पीकर म्हणत्यात त्याला. कॉलेजात जायाचं, कारखान्यावर जायाचं, आन लोकास्नी सांगायचं, उठा, चाला, थांबू नका. लोकं खुर्चीत बसून ऐकत्यात.

इस्लामपुरात कार्यक्रम ठरला तसा मी गावभर सांगत सुटलो, चला, माझं नाव निघणार हाय. टेम्पो केला. भावकी भरली, शेजारच्या केरबाला घेतला, आमची बायकू सुलाबाई नवं लुगडं नेसली, मी फेटा बांधला, आन जाऊन बसलो पयल्या रांगंत.

दिवं गेलं. पोरगी आली. आन काय शुद्ध बोलती, मला वाटलं दुसरीच कोण आली. "मित्रांनो, त्या अंधाऱ्या रस्त्यावर रोज एक माणूस हातात काठी घेऊन माझ्या मागे यायचा…" मी फेटा नीट केला. सुलाबाईला कोपरानं ढोसलं. "…तो मला म्हणाला, थांब, तुझ्याच्यानं होणार नाही! आणि मित्रांनो, तो माणूस दुसरा कुणी नव्हता…" हितं थांबली. कुठं थांबायचं ते बी शिकवत्यात म्हणं. "…तो माझा सख्खा मामा होता."

अख्ख्या हॉलनं च्च च्च केलं. शेजारची बाई मलाच म्हणती, "काय एकेक नातेवाईक असतात हो." मी म्हणलो, व्हय की. आन मागनं केरबा कानात म्हणतोय, "बाळासो, नाव निघालं की रं तुझं."

आता, म्हणलो हुतो का? म्हणलो हुतो. तिला ताप हुता, अंगावर भाकरी भाजावी असा, तरी चालत हुती. मी म्हणलो, "थांब बाय, आज तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई, बस गाडीवर." घरी आणली, सुलाबाईनं हुलग्याचं माडगं पाजलं. भाषणात ताप गेला, गाडी गेली, माडगं गेलं, ऱ्हायलं काय? मामा आन काठी. आन कुत्री? एक कुत्रं न्हाई हो आख्ख्या भाषणात! मग ती काठी कशाला हुती, मला हौस हुती व्हय?

कार्यक्रम संपल्यावर गाठली. म्हणलं, "सपे, ह्ये काय केलंस गं?" तर माझा हात धरून म्हणती, "मामा, मनाला लावून घिऊ नगासा. सगळ्यांनी मदत केली म्हणलं की लोकं मोबाइल बघत्यात. एक अडवणारा लागतोच."

"मग तुज्या बापाला कर की."

"पप्पा रडायच्या प्रसंगात हायत."

"कोचला कर."

"ते शेवटाला येत्यात, देवमाणूस म्हणून."

"आगं मग केरबाला कर, ते खरंच हसायचं तुला!"

"केरबाकाकास्नी कोण वळखतंय? सख्खं माणूस लागतंय मामा. तुमीच तेवढं मोकळं हुतासा."

मोकळं! वरसान् वरसं पहाटं उठून कुत्री हाकलली, आन मी मोकळा! राग न्हाई आला तुमाला सांगतो, वाईट वाटलं. घरी आल्यावर ताटावर बसलो आन तसाच उठलो.

पुढं आष्ट्याच्या भाषणात तर मला स्टेजवरच बोलावलं आन माफ केलं. व्हय, माफ. पाया पडली, शाल दिली, बायका डोळं पुसाय लागल्या. माझ्या हातात माइक आला, मी म्हणलो, "कुत्री…" आन संगीत सुरू झालं.

आता गावात काय झालंय, केरबाची नात पोलीस भरतीला निघाली, तर ह्यो तिला माझ्या दारात घिऊन आला. "बाळासो, हिला बी एकदा म्हण की रं, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई म्हणून." म्हणलो. झाली की भरती! तवापासनं सकाळच्या पारी दारात रांग, मी तोंड धुताधुता एकेकाला न्हाई म्हणतोय, आन ती पोरं पाया पडून पेढं ठिवून जात्यात. जन्मात कुणाला न्हाई म्हणलो न्हाई मी.

आन काल स्वप्नालीचा फोन. आधी सुलाबाईची इचारपूस केली. मग म्हणती, "मामा, मी परत चालाय लागणार हाय. गावाकडं येतीया. रस्त्याला ती कुत्री हायत का अजून?"

म्हणलं, "ती गेली. त्यांची पोरं हायत."

"मग… पहाटं येतासा न्हवं?"

आता काय म्हणायचं, सांगा. सगळ्या गावाला न्हाई म्हणतोय, नेमकं हितं तोंडातनं न्हाई निघंना. काठी तेल लावून ठेवलीया. जातो बापडा. मी कुणाच्या बाजूनं हुतो ते त्या रस्त्यावर कुत्र्यांस्नी पक्कं म्हाईत हाय… पर त्यांस्नी कोण भाषणाला बोलावतंय?