सोमवारची टाचणी

शिंप्याची दाढ ठणकत होती, तरी दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोघींचं बोलणं ऐकून त्याने कान टवकारले. एक शाळेतल्या बाई, दुसरी त्यांच्या वर्गातल्या मुलीची आई.

“तुमच्या मिस्टरांच्या ट्रकवर अख्खा वर्ग भूगोल शिकतोय! दर सोमवारी छकुली सांगते, बाबा कुठे पोचले. मग आम्ही नकाशात टाचणी टोचतो, दोऱ्याने अंतर मोजतो.”

“ट्रक? तो तर आठ महिने दारातच उभा आहे, बाई.”

“अहो, मग ते जातात कशाने?”

“काय माहीत! भांडून गेले ते गेलेच. फोनसुद्धा घरीच ठेवून.”

“पण छकुली तर म्हणते, फोनवर बोलणं झालं... माझ्या डोक्यात काही शिरतच नाहीये. आठवड्याचं अंतर सातने भागलं, तर दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर टाचणी कधी सरकली नाही हो!”

“त्यांचं तसंच असायचं. चारशे झाले की गाडी बाजूला.”

आतून शिंप्याचा नंबर पुकारला. तो जागचा हलला नाही.

“बाई, आता कुठे आहे ती टाचणी?” छकुलीच्या आईने विचारलं.

“कालच मागे फिरली. परतीला लागलेत म्हणाली.”

“कधी पोचतील म्हणाली?”