रिकाम्या घरांची सरासरी

सान्ता रोसालिया धर्मादाय संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष सेन्योर आनिबाल कामार्गो, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि विद्यापीठाचे प्राध्यापक, एवढ्या थंडीपावसात आमच्या शाळेतून आलेल्या सिस्टर्स, जिच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ती माझी बालमैत्रीण डॉक्टर नोहोरा आर्बेलाएस, समोर बसलेले स्नेही, आणि मागे दाराशी ओले कोट हातात घेऊन उभे असलेले माझे शेजारी, ज्यांना आमंत्रण नव्हतं पण जे आले आहेत, त्या सर्वांना सोकोरो पिन्सोनचा नमस्कार.

सेन्योर आनिबाल यांनी मला फोनवर बजावलं होतं, "सेन्योरा, पाचच मिनिटं. शाळेच्या गोड आठवणी सांगा. आकडेवारीचं बोलायला बाकीचे आहेतच." मी होकार दिला. मी आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवला, आकडेवारी माझा प्रांत नव्हे. तेव्हा गोड आठवणीने सुरुवात करते.

आम्ही दहा वर्षांच्या होतो. मदर आस्सुन्ता फळ्यावर भागाकार करत होत्या. सगळा वर्ग खाली मान घालून उतरवून घेत होता आणि नोहोरा उभी राहिली. "मदर, उत्तर चुकलंय." मदर वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "आर्बेलाएस, बाहेर व्हरांड्यात जा आणि गुडघे टेक." ती गेली. बोगोताच्या सकाळी त्या फरशा किती गार असतात ते इथल्या सिस्टर्सना ठाऊक आहे. तास संपल्यावर मदर तिच्याजवळ गेल्या आणि विचारलं, "आता काय म्हणणं आहे?" नोहोरा गुडघे चोळत म्हणाली, "अजून चुकलेलंच आहे, मदर."

त्या दिवसापासून मी या मुलीला जीव लावला. आजही तो काढून घेता येत नाही. आला असता तर आजचं बोलणं सोपं झालं असतं.

आमचे गणवेशाचे घागरे बेत्साबेबाई, आमच्या दोन्या बेत्साबे, शिवायच्या. त्या याच इमारतीत राहायच्या, या सभागृहाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, अंगणाकडच्या बाजूला. घागऱ्याच्या आत त्या चार बोटं कापड दुमडून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "पोरींनो, तुम्ही वाढणार आहात, कापडाला ते आधीच सांगून ठेवलंय." नोहोराची आई गेली त्या वर्षी नोहोरा दुपारची रोज त्यांच्याकडेच जेवायची. शिवणयंत्राशेजारच्या पाटावर बसून ती गणितं करायची आणि दोन्या बेत्साबे तोंडात टाचण्या धरून "हं, हं" करत ऐकायच्या. आज त्या या समारंभाला नाहीत. का नाहीत, तेही सांगायला हवं ना?

ही चाळीस घरांची इमारत दोन्या फिलोमेना नावाच्या बाईंनी संस्थेला दान केली. त्यांची तसबीर आपल्या मागे आहे. दानपत्रात एकच अट होती. इथलं भाडं सान्ता रोसालिया वस्तीच्या सरासरी भाड्यापेक्षा जास्त असू नये. साठ वर्षं कोणी सरासरी काढायला गेलं नाही, कारण तशी गरज पडली नाही. मग वरच्या गल्लीत कॉफीची दुकानं आली, परदेशी पोरं पाठीवर पिशव्या घेऊन आली, आणि विश्वस्तांना एके दिवशी साक्षात्कार झाला की वस्तीची सरासरी आता बारा लाख पेसो आहे. आमच्या शेजाऱ्यांतलं कोणी सात देत होतं, कोणी आठ. त्यांनी तक्रार केली. तेव्हा सेन्योर आनिबाल यांनी अत्यंत न्याय्य गोष्ट केली, त्याबद्दल त्यांचं अभिनंदन. ते म्हणाले, आपण भांडायला नको, विज्ञानाला विचारू. आणि त्यांनी विद्यापीठातल्या नोहोराच्या संख्याशास्त्र विभागाला विचारलं.

दोन वर्षांपूर्वी अहवाल आला. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, "सरासरी बारा लाख आहे हा दावा नाकारण्याइतका पुरावा नमुन्यात आढळला नाही." दुसऱ्या दिवशी इमारतीच्या दारावर सूचना लागली, "वस्तीची सरासरी बारा लाख असल्याचे विद्यापीठाने सिद्ध केले आहे." या दोन वाक्यांमध्ये केवढी दरी आहे? दोन्या बेत्साबेंना ती दिसली नाही, त्यांना फक्त बारा लाख दिसले. चाळीसपैकी एकोणतीस घरं रिकामी झाली. दोन्या बेत्साबे शहराबाहेर सोआचाला पुतण्याकडे गेल्या. तिथल्या खोलीत शिवणयंत्र मावलं नाही.

मी नोहोराच्या घरी गेले. तिने चॉकलेट उकळलं, त्यात चीज टाकलं, कारण तिला माझी आवड माहीत आहे. मी म्हटलं, "मला ही तुझी चाचणी समजावून सांग. मुलींना नद्या समजावते तशी."

ती खुश झाली. शिकवायला मिळालं की ती अजून दहा वर्षांची होते. म्हणाली, "सोको, कोर्टासारखं आहे बघ. आधी एक दावा धरून चालायचं, त्याला शून्य गृहीतक म्हणतात. तो आरोपीसारखा. भक्कम पुरावा येईपर्यंत त्याला खोटं म्हणायचं नाही. पुरावा कमी पडला तर आरोपी सुटतो. पण सुटला म्हणजे तो निर्दोष ठरला असं नाही."

"मग दारावर 'सिद्ध' का लावलंय?"

"ते मी नाही लिहिलं."

"तू फाडलंही नाहीस. आणि काय गं, आरोपीच्या त्या सुरक्षित खुर्चीवर संस्थेला का बसवलंस? भाडेकरूंना बसवायचं होतंस, म्हणजे पुरावा आणायची धावपळ सेन्योर आनिबालनी केली असती."

"दावा त्यांचा होता, सोको. ज्याचा दावा तपासायचा तोच गृहीत धरतात. पद्धतच तशी आहे."

"बरं. आणि घरं कोणती तपासलीस?"

आता, सभागृहातल्या मान्यवरांनो, ती काय म्हणाली ते नीट ऐका. कारण ती ते अगदी सहज म्हणाली, बिस्किट बुडवता बुडवता. "विद्यार्थी वस्तीत फिरले. खिडक्यांवर 'भाड्याने देणे आहे' अशा पिवळ्या पाट्या असतात ना, त्यांवरच्या नंबरांना फोन करून भाडं विचारलं. छत्तीस घरं मिळाली."

आपल्यापैकी किती जणांच्या खिडकीवर अशी पाटी आहे? एकाच्याही नाही. कारण आपण तिथे राहतो. पाटी लागते ती कोणी निघून गेल्यावर, आणि पाटीवरचं भाडं असतं ते नव्या येणाऱ्याला सांगायचं. जे लोक वीस वर्षं त्याच घरात आहेत, ज्यांचं भाडं दरवर्षी थोडंथोडंच वाढलंय, त्यांच्या दारावर कोणी थाप मारली नाही. विज्ञानाने वस्तीची सरासरी काढली आणि वस्तीतल्या माणसांना वगळलं.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "नोहोरा, ही तर रिकाम्या घरांची सरासरी आहे."

तिने बिस्किट बशीत ठेवलं. मग म्हणाली, "मला कळलं होतं. अहवाल गेल्यावर आठवड्याभरात."

"मग?"

"मग काय, सोको. पस्तीस वर्षांत मी एकही आकडा मागे घेतलेला नाही."

आत्ताच वाचलेल्या सुंदर मानपत्रातही हेच वाक्य आहे. आपण सर्वांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

थोडी हसायची गोष्ट सांगते, चेहरे फार गंभीर झालेत. मी आमच्या चर्चच्या फादर लिसिमाकोंकडे गेले आणि म्हटलं, "फादर, मला वस्तीतली घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची आहेत, कोणाच्या आवडीनिवडीशिवाय." ते म्हणाले, "चिठ्ठ्या कशाला? बिंगोचे नंबर काढायचा पिंजरा आहे की." रविवारच्या प्रार्थनेनंतर आम्ही वस्तीतल्या सगळ्या दारांना क्रमांक दिले आणि फादर पिंजरा फिरवून क्रमांक पुकारू लागले. दोन्या एर्सिलियांना वाटलं नेहमीचा खेळ आहे. त्या ओरडल्या, "बिंगो! माझा नंबर आला!"

"बक्षीस नाही, दोन्या एर्सिलिया, फक्त भाडं सांगायचंय."

"म्हणजे माझंच काहीतरी जायचं? मग हा कसला बिंगो, फादर?"

"हा विज्ञानाचा बिंगो आहे."

"त्यापेक्षा गेल्या रविवारची बक्षिसाची कोंबडी बरी होती."

ज्या दारांचे क्रमांक निघाले त्या दारांवर आम्ही गेलो. कुत्र्यांनी हाकललं, म्हाताऱ्यांनी बसवून पानेलाचं, म्हणजे उसाच्या गुळाचं, पाणी पाजलं, एकाने मला कर खात्याची समजून दार लावून घेतलं, तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सरासरी आठ लाखांच्या थोडी आत आली. मी नोहोराच्याच जुन्या पुस्तकातून चाचणी केली, तीन वेळा. दावा बारा लाखांचाच धरला, संस्थेलाच त्या सुरक्षित खुर्चीवर बसवलं. तरीही दावा टिकला नाही. वस्तीची सरासरी खरोखर बारा लाख असती, तर पिंजऱ्यातून अशी घरं निघण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

उरलेल्या अकरा कुटुंबांनी कोर्टात हे मांडलं. संस्थेचे वकील, ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत, नमस्कार, ते खळखळून हसले. "न्यायाधीश महाशय, बिंगो?" न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, निवृत्त भूगोल शिक्षिकेचा नमुना मी विद्यापीठाच्या नमुन्यावर ठेवू शकत नाही. पण विद्यापीठाने घरं कशी निवडली, हे प्राध्यापिकेने स्वतः येऊन सांगितलं तर मी अहवाल बाजूला ठेवीन. सुनावणी येत्या गुरुवारी आहे. अकरा घरं राहतात की जातात, ते त्या एका वाक्यावर आहे.

मी ते वाक्य मागायला गेल्या शनिवारी पुन्हा नोहोराकडे गेले. या वेळी चॉकलेट नव्हतं, बॅगा भरलेल्या होत्या.

"सोको, मुलगी माद्रिदला बोलावतेय. बुधवारचं विमान आहे."

"गुरुवारी रात्रीचं घे."

"तिकीट संस्थेने काढलंय. निरोपाची भेट म्हणून. आता कसं बदलू?"

सेन्योर आनिबाल, आपण मला पाणी पाठवलंत, आभार. माझा घसा ठीक आहे. पाच मिनिटं केव्हाच संपली हेही मला दिसतंय.

नोहोरा, तू मान हलवतेस. घरातलं बोलणं चारचौघांत आणलं म्हणून तू मला कधी माफ करणार नाहीस, हे मी इथे यायच्या आधीच धरून चालले होते. पण तुझ्या स्वयंपाकघरात तू जे म्हणालीस त्याला साक्षीदार मी एकटी होते, आणि माझा शब्द बिंगोच्या लायकीचा ठरलाय. आता या खोलीत दीडशे माणसं आहेत. तू उठून म्हण की सोकोरो खोटं बोलते. एवढं म्हण, मी खाली बसते, आणि वस्तीत माझं नाव जे व्हायचं ते होवो.

तू तसं म्हणत नाहीस. ठीक आहे.

शाळेच्या प्रार्थनेला तू नेहमी उशिरा यायचीस, आणि मी शेजारच्या बाकावर माझं दप्तर ठेवून तुझी जागा धरायची. सिस्टर ओरडल्या तरी दप्तर उचलायची नाही. गुरुवारी सकाळी नऊला मी कोर्टाच्या बाकावर असेन, या मागे उभ्या असलेल्या माणसांबरोबर. शेजारी जागा असेल. पण या वेळी मी तिथे काहीही ठेवणार नाही. गर्दी असते, ज्याला बसायचं त्याने बसावं.

संस्थेने बोलावलं, सिस्टर्स आल्या, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलताना काही उणंअधिक झालं असेल, कोणाचं नाव चुकलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. आणि नोहोरा, विमानात थंडी असते, शाल घेऊन जा.