झेरॉक्स निघेपर्यंत कळणारी स्लाइड

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, कॉलेजचे संचालक, माननीय मोठे साहेब. व्यासपीठावरचे सगळे विभागप्रमुख. आज निवृत्त होणारे आमचे गवतवाले सर. त्यांच्या शेजारी बसून माझ्याकडे 'नीट बोल गं' अशा नजरेनं बघणाऱ्या काकू. पुढच्या रांगेतली विद्वान मंडळी आणि मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेली माझी मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

मला तीन मिनिटं दिलीत. बारावीचा पेपर दोन्ही खेपेला मला तीन तासांत पुरा करता आला नाही, तेव्हा काय ते समजून घ्या.

आता ही कोण, असं पुढच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला विचारतंय. दिसतंय हं मला. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे ना, ते माझ्या मामाचं. तिथं कॉम्प्युटरवर बसते ती मी. इथल्या निम्म्या लोकांचे प्रबंध मी टाइप केलेत. वाचलेत असं म्हणत नाही. सर मला ब्रेकवाली म्हणतात. का म्हणतात, तेच सांगायला उभी राहिलेय.

दोन वर्षांपूर्वी सर पेन ड्राइव्ह घेऊन आले. म्हणाले, "विभागात व्याख्यान आहे. स्लाइडी जरा व्यवस्थित करून दे. प्रोफेशनल दिसल्या पाहिजेत."

उघडून बघते तर शहाण्णव स्लाइडी! मागे हिरवा रंग, वर पिवळी अक्षरं, आणि प्रत्येक स्लाइडवर मुंग्यांचं वारूळ फुटावं तसा मजकूर. मी विचारलं, "सर, हे वाचणार कोण?"

"मी वाचून दाखवणार ना."

"मग लोकांनी काय करायचं?"

मला तेव्हा हसू आलं. आणि हसू आलं की माझे हात शिवशिवतात. चाळिसाव्या स्लाइडला मी एक आवाज चिकटवला. ट्रकवाला कचकन ब्रेक दाबतो ना, तो.

पुढचं इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. हसू नका, तुमच्यातले तिघं त्या आवाजानं खुर्चीतून उठले होते.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात हजर. मामानं ऐकलं होतंच. तो म्हणाला, "सर, पोरगी वाह्यात आहे. आजपासून हिला नुसती पिना मारायला बसवतो." सरांनी स्टूल ओढलं आणि बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी गवतावर बोलतोय. काल पहिल्यांदा सगळ्या सभागृहानं एकदम मान वर केली. आवाज न लावता त्यांनी मान वर करावी, असं काही तुला करता येईल का?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मी एवढी ओशाळले की मामाला वाटलं मला ताप आला.

मग कळलं, सरांना हे कशासाठी हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर सरांची खोली आहे. चौदाशे बाटल्या, प्रत्येकीत वेगळ्या रानगवताचं बी. दर काही वर्षांनी बी पेरायचं, नवं धरायचं, पुन्हा बाटली भरायची. नाही केलं तर बी मरतं. कॉलेजला ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. खोलीवर हक्क सांगणाऱ्या प्रत्येकाला समितीपुढे पंधरा मिनिटं मिळणार होती. समितीचे अध्यक्ष आपले मोठे साहेबच. सरांच्या हातात एक महिना होता.

मला काय येतं? पोस्टर, पत्रिका, बायोडेटा. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. झेरॉक्सच्या रांगेतला माणूस जगातला सगळ्यात कंटाळलेला माणूस असतो. त्याला जे कळेल ते समितीला कळेल. माफ करा साहेब, तेव्हा असंच वाटलं होतं. आजही तसंच वाटतं.

म्हणून मी स्क्रीन गिऱ्हाइकांकडे वळवली. नियम एकच. झेरॉक्स निघेपर्यंत स्लाइड बघायची, मग सांगायचं काय दिसलं. पहिला आला गॅरेजवाला. सरांची पहिली स्लाइड बघून म्हणाला, "हिरवं दिसलं."

"आणि?"

"आणि पिवळं."

सरांचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाले, "अगं, यात माझ्या पाच वर्षांच्या नोंदी आहेत!"

"त्या तोंडानं सांगा की. भिंतीवर कशाला चिकटवता?"

रोज भांडण. मी एक ओळ उडवली की ते दोन घालायचे. "हे वाक्य महत्त्वाचं आहे." सगळीच वाक्यं महत्त्वाची! शेवटी मी म्हटलं, "सर, घराला आग लागली आणि एकच बाटली उचलता आली, तर कुठली उचलाल?" सरांनी माउस ओढून घेतला. मग चौसष्टाव्या स्लाइडवर गेले. तिथं आलेखात आठ गवतांच्या आठ रंगीत रेघा, शेवयांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. त्यातल्या एकीवर त्यांनी बोट ठेवलं.

मी बाकीच्या सात करड्या केल्या आणि ती एक लाल, जाडजूड. तेवढ्यात विजेच्या बिलाची झेरॉक्स घ्यायला एक मावशी आल्या. रांग मोडून पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही लाल रेघ पडली का?"

सर सांगायला लागले. ते एक बारीक, तांबूस गवत. पूर्वी चाळीस ठिकाणी सापडायचं. मग वीस, मग तीन, मग शून्य. आता ते फक्त बाटलीत आहे. मावशींची झेरॉक्स कधीच निघाली होती. त्या तिथंच उभ्या. म्हणाल्या, "मग ती बाटली नीट ठेवा हो, भाऊ." सरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखा घाण नव्हता.

शहाण्णवच्या अकरा झाल्या. पांढरा कागद, काळी अक्षरं, एका स्लाइडवर एकच गोष्ट. मी खूश. मामासुद्धा म्हणाला, "आता कशी एखाद्या बँकेची वाटते!"

आणि मग मी माती खाल्ली. या वेळी गंमत म्हणून नाही, खरोखर. समितीच्या दालनात दोन मिनिटं आधी फाइल उघडली, तर सगळ्या अक्षरांचे चौकोन! आमच्या दुकानातला फाँट त्या कॉम्प्युटरवर नव्हता, आणि तो बरोबर न्यायला मी विसरले होते. टायपिंगच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते. मी दुकानाकडे पळत सुटणार होते. सरांनी हात धरला.

"रेघ दिसतेय?"

"दिसतेय."

"बाटलीचा फोटो दिसतोय?"

"दिसतोय. पण सर, अक्षरं..."

"अक्षरं माझ्या तोंडात आहेत. तूच म्हणालीस ना, भिंतीवर कशाला चिकटवता. चल, बस मागे."

मी मागच्या रांगेत बसले आणि चौकोन बघत घाम पुसत राहिले. सर बोलले. एकदाही भिंतीकडे तोंड केलं नाही. आणि पाचव्या मिनिटाला मोठ्या साहेबांनी मान वर करून विचारलं, "एक मिनिट, ही लाल रेघ पडली का?"

साहेब, त्या क्षणी मला तुम्ही त्या मावशींचे सख्खे भाऊ वाटलात.

निकाल लागला, सर आहेत तोवर खोली राहील. आम्ही दुकानात पेढेच वाटले असते, पण मामा म्हणाला, आधी 'तोवर' हा शब्द बघ.

तोवर आज संपतंय. मागच्या आठवड्यात ऑफिसचा प्रिंटर बिघडला म्हणून एक नोटीस आमच्याकडे टाइप करायला आली. 'महिनाअखेर खोली रिकामी करावी.' ठळक अक्षरांत हवी होती. मी ठळक केली. हात शिवशिवत होते, पण एक अक्षर बदललं नाही. त्याऐवजी आज इथं बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं.

आता जरा मागे बघा. पडदा खाली आलाय. सर, तुम्हीसुद्धा बघा, ही तुम्ही पाहिलेली नाही. एकच स्लाइड, एकही अक्षर नाही, म्हणजे फाँटचा प्रश्नच मिटला. झेरॉक्स निघेपर्यंत बघायची.

एक. दोन. तीन. चार. पाच.

काय म्हणालात, साहेब? जरा मोठ्यानं, मागे ऐकू जात नाही.

"ही लाल रेघ शेवटी वर कशी गेली?"

बघा! विचारलंत! साहेब, ती शून्यावरून एकावर गेलीय. गेल्या वर्षी सरांनी त्या बाटलीतलं चिमूटभर बी मला दिलं होतं, कागदाच्या पुडीत. म्हणाले, आठवण म्हणून ठेव. मला नुसतं ठेवणं जमत नाही. दुकानामागे फुटका टब होता, त्यात पेरलं. चार महिने मामा मला वेडी म्हणत होता. आता तोच रोज पाणी घालतो. वीतभर आलंय, तांबूस तुरे धरलेत. सर, काकूंचा रुमाल घ्या. चष्मा राहू द्या.

बाटल्या कशासाठी ठेवायच्या, ते एवढंच आहे. आणि सरांमागे पेरणारं कोणी नाही, हे कारण आता चालणार नाही. माझ्या हातात यादी आहे. सरांचे सहा विद्यार्थी, गॅरेजवाला, बिलवाल्या मावशी, मामा आणि मी. दर शनिवारी दुपारी आळीपाळीनं येऊ. बी कसं धरायचं ते सर शिकवणार आहेत. त्यांना अजून विचारलं नाही, पण नाही म्हणून बघू देत. किल्ली तेवढी हवी. साहेब, 'बघू' म्हणू नका. पडद्याचा रिमोट माझ्याकडे आहे, आणि तुमचं उत्तर येईपर्यंत ही रेघ इथून हलणार नाही.

समितीनं त्या दिवशी ऐकून घेतलं, आज तुम्ही ऐकून घेतलंत, मामानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, सगळ्यांचे आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. फक्त चाळिसाव्या स्लाइडवरच्या ब्रेकची माफी मी मागणार नाही. तो लागला नसता, तर सर वाचतच राहिले असते.

मी खाली बसतेय, साहेब. रेघ उभीच आहे.